निरोपाचा आठवा टेक

तेहतिसाव्या दिवशी सकाळी ताईने अंगणातल्या आघाडीची मोजदाद केली. वाळूची पोती चौसष्ट. त्यांपैकी खरोखर वाळू भरलेली तेवीस, बाकीच्या एक्केचाळीसांत लाकडाचा भुसा. बंदुका सहा, चार लाकडी, एक खरी पण घोडा नसलेली, आणि एक पडद्याची दांडी, जी फक्त मागच्या रांगेत धरायची. हेल्मेटं नऊ, त्यांतलं एक म्हणजे आईचं दुधाचं पातेलं, हिरवा रंग दिलेलं. खंदकाच्या भिंतीतून डोकावणारे बटाटे सात, कारण खंदक आईच्या बटाट्यांच्या वाफ्यात खणला होता. कोरी फिल्म एक डबा, चारशे फूट. खराखुरा सैनिक एक. तो खंदकात नव्हता, स्वयंपाकघरात कांदे सोलत होता.

यादी तिने दोन प्रतींत केली. सैनिकाच्या पुढे, रोजच्यासारखं, 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि खाली सही केली.

सैन्याच्या माहितीपट विभागाने घरच्या स्टुडिओला हे काम देऊन महिना झाला होता. 'सैनिकाचा एक दिवस', लांबी दहा मिनिटं. आघाडीवर जाऊन चित्रण करण्याची परवानगी बाबांनी मागितली तेव्हा विभागाचं उत्तर आलं की, आघाडीवर सैनिक कामात असतात, त्यांना त्रास देऊ नये. म्हणून आघाडी मागच्या अंगणात आणावी लागली. योगायोग असा की, त्याच आठवड्यात ताईचा धाकटा भाऊ दहा दिवसांच्या रजेवर घरी आला. घरात आयता सैनिक आहे म्हटल्यावर विभागाने त्याला सल्लागार नेमलं आणि रजेच्या कागदावर शिक्का मारून दिला: 'माहितीपट पूर्ण होईपर्यंत'. तो कागद आईने पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. दिवसातून दोनदा ती डबा उचलायची, ते तीन शब्द वाचायची आणि डबा परत जागेवर ठेवायची.

माहितीपटातली सगळी दृश्यं चित्रित झाली होती. उरलं होतं एकच. सैनिक आईचा निरोप घेतो. आईचं काम आईच करत होती आणि त्या दृश्याचे आतापर्यंत सात टेक वाया गेले होते.

ताई स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा उभ्याउभ्या चहा पीत होते. चित्रणाच्या दिवशी ते बसत नसत.

"शेवटचा डबा आहे," ते कपात बघत म्हणाले. "मी कुणाला उद्देशून म्हणत नाही. पण शेवटचा आहे."

"उद्देशून म्हण की," आत्या म्हणाली. आत्या बाबांची थोरली बहीण. स्टुडिओचे कपडे ती शिवायची आणि स्टुडिओची अब्रूही आपणच शिवून धरली आहे, असा तिचा समज होता. ओठांत चार टाचण्या धरूनही तिला स्पष्ट बोलता यायचं. "सात-सात टेक वाया घालवणारी माणसं या घरात आहेतच किती?"

"मला शिंक आली होती, वन्सं," आई म्हणाली.

"पहिल्या टेकला."

"दुसऱ्यालाही आली असती. मी दाबली."

"दुसऱ्याला तुम्ही मध्येच मफलर आणायला आत गेलात. तिसऱ्याला म्हणालात दूध उतू जातंय. वहिनी, चुलीवर दूधच नव्हतं. पातेलं खंदकात होतं!"

"सवयीने म्हणाले."

"आणि चौथ्यापासून?"

धाकट्याच्या पुढ्यातला एक कांदा उचलून आईने तो उगाचच नीट ठेवला.

चौथ्या टेकपासून आईला सोपी युक्ती सापडली होती. मुलाचा हात सोडून झाला की आत वळायचं आणि दार लावायचं, असं तिला सांगितलेलं होतं. ती वळायचीच नाही. दारात उभी राहायची. आणि या स्टुडिओत आजोबांच्या काळापासून एक नियम होता: माणूस चौकटीत असेपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही. आजोबांनी तरुणपणी एका पुलाच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदय पुरते बाहेर पडायच्या आत कॅमेरा थांबवला होता आणि पुढच्याच क्षणी पूल मंत्र्यांसकट खाली बसला. मंत्री वाचले. आजोबांची हळहळ मात्र शेवटपर्यंत गेली नाही. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. आई उभी, म्हणून कॅमेरा चालू. आणि कॅमेरा चालू, म्हणून डबा संपेपर्यंत फिल्म पळत राहायची. शिल्लक डबे संपले की नवी फिल्म मागवायची. ती यायला आठ दिवस. मधल्या आठ दिवसांत आईच्या हाताला वेगळीच चव यायची.

नियम मोडावा असं बाबांना कुणी सुचवलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःहून तो विषय काढला नव्हता. हल्ली आपल्या भावाला हा नियम जरा जास्तच पटायला लागला आहे, असा आत्याला दाट संशय होता.

"मी नीटच करणार आहे," आई म्हणाली. "पण माणूस काय यंत्र आहे? आत वळायचं म्हटलं की माझा गुडघा धरतो."

"कालपर्यंत शिंक होती. आता गुडघा," आत्या म्हणाली.

तेवढ्यात दारात बूट आपटले. ताईचा नवरा, घरातले जावईबापू, पूर्ण गणवेशात आत आले. काखेत दोन पाव होते. एरवी ते गावोगाव साबण विकत. पण गेला महिनाभर ते सैनिक होते. आता तर गणवेश घालूनच झोपायचे, इस्त्री मोडू नये म्हणून पाठीवर.

"दोन मिनिटांत पाव मिळाला," ते म्हणाले. "लोकांनी स्वतःहून पुढे केलं. एका म्हाताऱ्याने सलाम ठोकला. मीही ठोकला."

"आणि माझं सांगा ना," धाकटा म्हणाला. तोही रांगेत गेला होता, आत्याने विणलेला तपकिरी स्वेटर घालून, आणि पाव न घेताच आधी परतला होता.

"ते जाऊ दे."

"माझ्या मागच्या बाई म्हणाल्या, चांगला धडधाकट दिसतोस, घरात बसायला लाज नाही वाटत? ते बघ, ते गृहस्थ तुझ्यापेक्षा वयाने मोठे, तरी लढतायत." धाकटा कांदा चिरत राहिला. "तर पुढून भावजी काय म्हणाले? 'जाऊ द्या हो बाई, प्रत्येकाला नाही जमत.'"

"मी भूमिकेत होतो!" जावईबापू म्हणाले.

आत्याला एवढं हसू आलं की टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. बाबाही हसले. ताईने मात्र भावाकडे पाहिलं. तो हसत होता, पण ज्या कांद्याचे चार तुकडे पुरले असते त्याचे त्याने चाळीस केले होते.

जावईबापूंना सैनिक केलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे विभागाने पाठवलेले कॅप्टन. युद्धाआधी ते शाळातपासनीस होते. गणवेश मिळाला तरी लाल पेन्सिल सुटली नव्हती. प्रत्येक टेकला ते दहापैकी गुण द्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकट्याला उजेडात उभं करून त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी तपासला आणि वहीत तीन गुण लिहिले.

"हा चेहरा चालणार नाही."

"पण साहेब, तो खरा सैनिक आहे," बाबा म्हणाले.

"ते दिसतंच आहे. अडचण तीच आहे. हा चेहरा पडद्यावर पाहिला तर सैनिकांच्या आयांना काळजी वाटेल."

"मला वाटतेच आहे," आई म्हणाली.

"तुम्ही एकट्या आहात, बाई. माहितीपट शंभर गावांत दाखवायचाय."

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात बिस्किटं खाणाऱ्या जावईबापूंकडे गेलं. गोल चेहरा, लाल गाल. साडेआठ गुण. "याला म्हणतात सैनिक!"

पण जावईबापू पाठीवर पोतडी घेऊन चालायला लागले की थेट साबणाच्या नमुन्यांची पिशवी घेतल्यासारखे चालायचे. एक खांदा खाली, आणि उजवा हात दार वाजवायच्या तयारीत. म्हणून शेवटी असं ठरलं की, चेहरा जावयाचा घ्यायचा आणि पाठ धाकट्याची. पाठीला मास्तरांनी नऊ गुण दिले. "पाठीवर काही वाचता येत नाही," ते समाधानाने म्हणाले.

सल्लागार म्हणूनही धाकट्याचं काम चोख चाललं होतं. मास्तर त्याला प्रत्येक गोष्ट विचारायचे.

"सैनिक पहाटे उठला की आधी काय करतो?"

"पायमोजे पिळतो."

मास्तर लिहायचे: सैनिक पहाटे उठून सूर्याकडे पाहतो.

"सैनिक हसतो कशाला?"

"आमच्या खंदकात एक उंदीर आहे, साहेब. आम्ही त्याला बढत्या देतो. गेल्या महिन्यात मेजर झाला."

मास्तरांची पेन्सिल थांबली. "बढतीचा आदेश कुणी काढला?"

"आम्हीच."

"म्हणजे तो माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे."

"हो, साहेब."

मास्तरांनी गणवेशाचं वरचं बटण लावलं. मग त्यांनी लिहिलं: सैनिक घरचं पत्र वाचून हसतो, चार सेकंद.

जेवणं झाल्यावर ताई फिल्म जोडायच्या खोलीत जाऊन बसली. ही खोली तिची. एक टेबल, दोन चकत्या, मधे भिंग, फिल्म मोजायचं यंत्र आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या फिल्मच्या पट्ट्या. विज्ञानाची पदवी घेऊन ती घरच्याच धंद्यात उतरली तेव्हा आत्या म्हणाली होती, एवढं शिकून शेवटी कात्रीच हातात. पण ताईला ही खोली आवडायची. इथे प्रत्येक गोष्टीला लांबी होती. एक फूट फिल्म म्हणजे सोळा फ्रेम, चोवीस फ्रेम म्हणजे एक सेकंद, आणि यात कुणाच्या रागालोभाचा प्रश्न यायचा नाही.

धाकटा आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"ताई, आजचा टेक चांगला झाला तर माहितीपट पूर्ण झाला असं धरतील?"

"आईने होऊ दिला तर."

"मग व्हायला हवा." तो स्टुलावर बसला. "आम्ही चौघं आहोत तिथे. रात्र आठ तासांची धर. एकेक जण पहारा देतो."

"प्रत्येकी दोन तास."

"मी इथे आहे. राहिले तिघं."

ताईच्या डोक्यात आकडा आपोआप तयार झाला. "प्रत्येकी दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे रोज चाळीस मिनिटं जास्त."

"दहा दिवस रजेचे सोड. ते ठरलेलेच होते. पुढचे तेवीस."

"पंधरा तास वीस मिनिटं," ताई म्हणाली. "प्रत्येकाची."

"आज डबा वाया गेला तर अजून आठ दिवस."

"पाच तास वीस मिनिटं."

"बघ. आणि मी इथे रांगेत उभा राहून बायकांच्या शिव्या खातोय आणि कांदे चिरतोय."

"मास्तरांना सांग ना तसं."

"सांगितलं. म्हणाले, सल्लागार मध्येच निघून गेला तर माहितीपट खोटा ठरेल."

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. जावईबापू खंदकाच्या काठावर उभे राहून हेल्मेटच्या आरशात मिशी बघत होते. त्यांच्या पायाशी एक बटाटा मातीतून बाहेर यायच्या बेतात होता.

"चार वाजता मास्तरांची जीप डेपोला जाते," धाकटा म्हणाला. "मी ड्रायव्हरला विचारून ठेवलंय. चारला गाडी सोडायची असा त्याला आदेश आहे. मागे कोण बसलंय ते बघायचा आदेश नाही. म्हणून तो मागे बघतच नाही. मी टेकमध्ये फाटकाबाहेर पडणार तो सरळ जीपमध्ये. पोतडी भरलीय. आज तिच्यात भुसा नाही."

"आणि आई आजही दारात उभी राहिली तर? टेक वाया, माहितीपट अपुरा. तुझ्या कागदावर काय लिहिलंय? डेपोतून तुला उद्या परत पाठवतील."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. तुझ्या हातात कात्री आहे. आई उभी राहिली तर पुढे नुसतं बंद दार जोडून टाक."

"जे घडलं नाही ते मी जोडत नाही."

धाकट्याने एकदा खिडकीबाहेरच्या खंदकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्याच्या गालावर खळी पडली. ताईलाही हसू आवरेना.

"आईला सांगायचं नाही हं," दाराशी जाऊन तो म्हणाला. "सांगितलंस तर ती त्या कागदावर बसून राहील. कुणालाही उठवता येणार नाही."

ताईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मास्तर सव्वातीनला आले. गळ्यात स्टॉपवॉच, हातात वही. बाबांनी कॅमेरा दारासमोर लावला, डबा चढवला आणि आकाशाकडे पाहून चारपर्यंत उजेड चांगला राहील असं सांगितलं. जावईबापूंनी आपला चेहरा या दृश्यातही घेता येईल का म्हणून मास्तरांना पुन्हा एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, तुमचा चेहरा चार सेकंद घेतलेला आहे. एका सैनिकाला दोन चेहरे शोभत नाहीत.

"बाईंना सगळं माहीत आहेच," मास्तरांनी यादी वाचली. "हात धरणे. हसणे. हात सोडणे. आत वळणे. दार लावणे. हात सोडल्यापासून दार लागेपर्यंत सहा सेकंद. हसू शेवटपर्यंत टिकवायचं. पाठमोऱ्या झालात तरी गालावरून समजतं."

"गुडघा बघते," आई म्हणाली.

ती दाराच्या पायरीवर बसली होती. अंगावर आत्याने मुद्दाम शिवलेला पोशाख, कारण तिच्या रोजच्या कपड्यांना मास्तरांनी चारच गुण दिले होते. त्यांत ती आईसारखी दिसत नाही असं त्यांचं मत पडलं. शेजारी धाकट्याची पोतडी होती. आईने तिच्यावरची धूळ झटकली. मग पट्टा जरा सरळ करायला म्हणून तिने पोतडी उचलायला घेतली. पोतडी हलली नाही.

तिने मान वर केली. ताई जवळच उभी होती.

"यात काय आहे गं?"

भुसा, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. आई पाचव्यांदा दारात उभी राहिली असती, किंवा राहिली नसती, पण निदान ताईवर काही आलं नसतं. भावाला तिने वचन दिलं नव्हतं, पण मोडल्यासारखं वाटायला वचन द्यावंच लागतं असं नाही.

"अकरा किलो आहे," ताई म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. भुशाची पोतडी तिने सात वेळा उचलून त्याच्या खांद्यावर दिली होती. ती दोन किलोचीही नव्हती.

"कधी?"

"चारला. जीपमधून."

आईची नजर फाटकाकडे गेली, तिथून परत पोतडीवर आली. ताई पायरीवर तिच्या शेजारी बसली आणि हलक्या आवाजात तिने सगळं सांगितलं. चौघांचा पहारा, तिघांवर पडलेला, रोजची चाळीस मिनिटं, पंधरा तास वीस मिनिटं.

"त्या तिघांना आया असतील ना?" आईने विचारलं.

"एकाला आहे. एकाला मावशीने वाढवलंय. तिसऱ्याचं तो काही बोलला नाही."

"आणि मी आज उभी राहिले तर?"

"तर उद्या तो परत येईल. मग आठ दिवस राहील."

आईने पोतडीच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. पट्ट्याची शिवण एका जागी उसवली होती.

"वन्सं," तिने हाक मारली, "सुई आहे?"

"आता?" आत्या लांबूनच म्हणाली. "आता काय नवीन काढलंत?"

"शिवण उसवलीय."

"पडद्यावर दिसणार नाही ती!"

"तरी द्या."

आत्या पाय आपटत आली. पोतडी उलटायला तिने हात घातला आणि तिच्या हातालाही ते वजन लागलं. तिने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा ताईकडे. तोंडातल्या टाचण्या काढून तिने बाहीत खोचल्या, आणि या घरात फार क्वचित घडणारी गोष्ट घडली. आत्या एक शब्दही न बोलता सुईत दोरा ओवून वहिनीच्या पायाशी बसली. जाड दोरा, दुहेरी. आईने शिवण धरली, आत्याने टाके घातले. नऊ टाके आणि गाठ.

"बाई, चला!" मास्तर म्हणाले. "तीन वाजून अठ्ठेचाळीस."

धाकटा गणवेश घालून बाहेर आला. माणसं जागेवर गेली. बाबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे बोलायला कुणाला बंदी नव्हती. बाबा "चालू" म्हणाले आणि कॅमेरा घरघरू लागला.

धाकटा दारात आईसमोर उभा राहिला, कॅमेऱ्याकडे पाठ करून. आईने पोतडी उचलली. या वेळी दोन्ही हातांनी, गुडघ्यात वाकून उचलली आणि त्याच्या खांद्यावर दिली. त्याचा हात हातात घेतला. ती हसली. त्या हसऱ्या चेहऱ्यानेच तिने काहीतरी सांगितलं. ताई जवळ होती म्हणून तिला ऐकू आलं.

"ओल्या पायमोज्यांत झोपत जाऊ नकोस."

धाकट्याची पाठ एकदम ताठ झाली. आपल्या आईला माहीत आहे, हे त्याला तेव्हा समजलं असावं. पण पाठीवर काही वाचता येत नव्हतं.

आईने हात सोडला. ती आत वळली. दार लागलं.

तो पायवाटेवरून खंदकाच्या कडेने चालत गेला, फाटक उघडून बाहेर पडला आणि कुंपणाआड दिसेनासा झाला. चौकटीत कुणीच उरलं नाही. बाबांनी आणखी क्षणभर वाट पाहिली. मग कॅमेरा थांबवला. डब्यात निम्म्याहून जास्त फिल्म शिल्लक होती.

"दहा!" मास्तर म्हणाले. त्यांनी स्टॉपवॉच उंच धरलं होतं. "दहापैकी दहा! एकवीस वर्षांत मी दहा दिले नव्हते."

फाटकाबाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. चार वाजले होते.

"आता फक्त सल्लागारांची सही," मास्तर वही उघडत म्हणाले. "'सदर चित्रण वस्तुस्थितीला धरून आहे', याखाली. कुठे आहेत ते?"

"जीपमध्ये," बाबा म्हणाले. त्यांचा डोळा अजून कॅमेऱ्यालाच होता.

"कुठल्या जीपमध्ये?"

तोवर जीपचा आवाज वळणापर्यंत गेला होता. मास्तर फाटकाकडे धावले. "अरे, मी इथे आहे! मी!" पण ड्रायव्हर आदेशाप्रमाणे मागे बघत नव्हता.

"गणवेश!" जावईबापू ओरडले. "विभागाचा गणवेश घेऊन गेला तो!"

आत्याने खुंट्यांवरचे गणवेश मोजले. एकही कमी नव्हता.

"स्वतःचा घालून गेलाय," ती म्हणाली.

मास्तर घामाघूम होऊन परत आले. सहीशिवाय माहितीपट पूर्ण धरता येत नाही आणि माहितीपट पूर्ण झाल्याशिवाय सल्लागाराला जाता येत नाही; पण सल्लागार तर गेलेला आहे, अर्थात माहितीपट पूर्ण झालेला असला पाहिजे, असं त्यांनी दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांना ते पटलं. त्यांनी वहीत 'पूर्ण' असा शेरा मारला आणि खाली सैनिकाची सही हवी म्हणून, समोर गणवेशात जो उभा होता त्याची घेतली. जावईबापूंनी सही केली, टाचा जुळवल्या आणि मास्तरांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले.

बाबा उरलेल्या फिल्मचा डबा उतरवून घेत होते. हात नेहमीसारखेच बेताने चालत होते, फक्त एक झाकण ते तिसऱ्यांदा बसवत होते.

"दार वाजवू का?" ताईने विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "मी जातो मागच्या बाजूने."

तिसऱ्या दिवशी फिल्म धुऊन आली. ताईने आठवा टेक टेबलावर चढवला, भिंग जागेवर आणलं आणि आईचा हात सुटतो त्या फ्रेमवर तेलकट पेन्सिलने खूण केली. दार लागतं त्या फ्रेमवर दुसरी खूण केली. मग चकती हाताने, एकेक फ्रेम करत फिरवली. मोजणी तिने तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला.

खुणेपासून खुणेपर्यंत फ्रेम एकशे चव्वेचाळीस, म्हणजे सहा सेकंद. त्यांपैकी आई हसते आहे अशा फ्रेम पहिल्या एकशे एकतीस.